गुरुवारचं शेपूट

लोरेटा साबोलला अख्खी वस्ती 'शेपूट' म्हणायची आणि तिला त्याचा राग येत नसे. उलट कुणी नवखा बिचकत बिचकत 'मिसेस साबोल' म्हणाला, तर तीच त्याला थांबवायची. "शेपूट म्हणा हो. वीसेक वर्षं घाम गाळून कमावलंय ते नाव, फुकट नाही मिळालं."

खरंच कमावलं होतं. क्रेस्टव्ह्यू रस्त्याच्या टोकाला, जिथे शेवटच्या घराची गवताची हिरवळ संपते आणि रान सुरू होतं, तिथे दर गुरुवारी संध्याकाळी नवशिक्यांची सायकलफेरी जमायची. एप्रिलपासून पार पानगळीपर्यंत. माउंटन बाइक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कड्यावरून उड्या टाकणारी पोरं येतात. इथे तसलं काही नाही. जुन्या डेअरीच्या मागच्या रानातून जाणारी साधीसुधी गोल वाट. मुळं बेताची, दगड बेताचे, ओढ्यावर फळ्यांचा पूल, मग एक चढ, आणि चढानंतर शाळेच्या मैदानापर्यंत अलगद उतार. गल्लीत ज्याला सायकल चालवता येते त्याला ही वाट चालवता येते, असं एमिल म्हणायचा. चढाबद्दल मात्र तो मूग गिळून बसायचा.

एमिल म्हणजे लोरेटाचा नवरा. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करणं हा त्याचा धंदा आणि ही वाट म्हणजे त्याचा जीव. डेअरी बंद पडून ते रान सरकारजमा झालं तेव्हा कुदळ-फावडं घेऊन पहिला उतरला तो एमिल. त्याला सँडविच पोचवायला म्हणून लोरेटा गेली, आणि संध्याकाळी घरी आली ती दोन्ही तळहातांवर फोड घेऊन. त्यानंतर कित्येक शनिवार त्यांनी असेच मातीत घातले. शेजारीपाजारी आपापल्या हिरवळी कापत होते, आणि या दोघांच्या दारात गवत गुडघ्याला लागत होतं. तिची सासू यायची ती नाक मुरडूनच. पण ते दिवस काय होते म्हणून सांगू. घरी येऊन बूट काढायचंही त्राण नसायचं, मग मागच्या पायरीवर बसून दोघं एकमेकांच्या बुटांच्या नाड्या सोडायचे आणि कारण नसताना हसायचे.

फेरी सुरू झाली तेव्हा तिचा कायदाही एमिलनेच घालून दिला. सगळ्यांत पुढे म्होरक्या, सगळ्यांत मागे शेपूट. म्होरक्याने प्रत्येक फाट्यावर थांबायचं. शेपटाने कुणालाही ओलांडायचं नाही, मग पुढचा गोगलगाईला वाट देत चाललेला का असेना. शेवटचा गडी धापा टाकत फाट्यावर पोचला की त्याच्यामागून शेपूट येणार आणि ओरडणार, "शेपूट आलं." ही आरोळी कानावर पडल्याशिवाय म्होरक्याने पॅडलवर पाय ठेवायचा नाही.

म्होरक्या एमिल, शेपूट लोरेटा. इतर नवरा-बायको गुरुवारी एका सोफ्यावर बसून टीव्ही बघायचे, आणि हे दोघं एकाच वाटेवर एकमेकांपासून जितकं लांब राहता येईल तितके लांब. भेट काय ती फाट्यावर. ती वळणावरून बाहेर यायची आणि तिला आधी दिसायचं त्याचं पिवळं जाकीट, धुऊन धुऊन पार विटलेलं. मग त्याची पाठ, मग मागे वळलेला चेहरा. ती आरोळी द्यायची, तो हात वर करायचा आणि निघायचा. पुन्हा पाठ, पुन्हा वळण, पुन्हा तो दिसेनासा. फेरीभर हेच. पण लोरेटाला विचाराल तर तिच्या संसारातल्या सुखाच्या घटका ह्याच.

दोन हिवाळ्यांपूर्वी अंगणातला बर्फ ओढता ओढता एमिल खाली बसला आणि पुन्हा उठला नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये फेरीला म्होरक्या कोण, असा प्रश्न आला तेव्हा ब्रिजेट फेलन पुढे झाली. समोरच्या घरातली पोर, आता इस्पितळात नर्स, पायात नुसती वीज. लहानपणी तिला सायकलीवर पहिल्यांदा बसवलं ते एमिलनेच. लोरेटाने मात्र आपली जागा सोडली नाही. लोक म्हणाले, एक वर्ष विश्रांती घ्या. मुलगा ओहायोहून फोन करून म्हणाला, मॉम, गुडघ्यांचं काय? तिने कुणाचं म्हणून ऐकलं नाही.

खरं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर लोकांनी तिच्याकडे कीव करत पाहिलं असतं आणि ते तिला सोसलं नसतं. कारण एवढंच होतं की मागे राहिलं की एमिल पुढे असायचा. वीस वर्षं तो तसाच तर होता, पुढच्या वळणापलीकडे, दिसत नसलेला पण असलेला. आताही शेवटून जाताना तिच्या मनाला हे पटवणं मुळीच अवघड जात नसे. वाट तीच, ओढ्याचा आवाज तोच, पुढे चाकांची खडखड तीच. फाट्यावर कुणीतरी पाठमोरं उभं असायचं, आणि ते ब्रिजेट आहे हे कळेपर्यंत जो अर्धा क्षण जायचा, त्या अर्ध्या क्षणासाठी ती आठवडाभर जगायची. वेडेपणा म्हणा हवं तर. तिलाही तो वेडेपणाच वाटायचा.

आणि मग एका गुरुवारी घोळ झाला.

झालं असं, की वरच्या फाट्यावर ब्रिजेटने डोकी मोजली. पोरगी इस्पितळातली, मोजण्यात पक्की. नवशिके जितके निघाले होते तितके सगळे हजर. म्हणाली, "चला," आणि निघाली. शेपूट त्या मोजणीत धरलेलंच नव्हतं. एमिल डोकी कधी मोजायचा नाही, आरोळीची वाट बघायचा, आणि त्यातली मेख हीच होती हे त्या दिवशी कळलं. इकडे लोरेटाचे गुडघे कुरकुरत होते. तिच्या पुढची मंडळी केव्हाच चढून गेली होती. ती आपली एकटी, एकेक श्वास मोजत, वळणावरून बाहेर आली, तोंड उघडलं आरोळी द्यायला, आणि फाट्यावर कुणी नव्हतं.

बीच जातीचं जुनं झाड, दोन वाटा, आणि शुकशुकाट.

ती सायकल टाकून तिथेच मुळांवर बसली. बर्फातल्या त्या सकाळी समजली नव्हती ती गोष्ट तिला त्या दिवशी समजली. आता फाट्यावर कुणी नसणार. कधीच नसणार. कितीतरी वेळाने ती उठली आणि उतार उतरून न जाता आल्या वाटेने माघारी फिरली, सायकल ढकलत, आणि घरी येऊन तिने दाराला आतून कडी घातली.

दोन दिवसांनी ब्रिजेट आली. हातात कोबी-नूडल्सचं झाकलेलं भांडं, चेहरा एवढासा झालेला.

"मिसेस साबोल, मी गाढव आहे."

"आहेसच," लोरेटा म्हणाली. "आत ये. भांडं तिकडे ठेव. कोबी करपलाय वाटतं, इथवर वास येतोय."

"घाईत केला."

"तू सगळंच घाईत करतेस."

ब्रिजेट खुर्चीच्या टोकावर बसली. पुष्कळ वेळ माफी मागून झाली. मग तिने खरी गोष्ट काढली. "मी एक विचार केलाय. रागावू नका. तुम्ही पुढे व्हा. म्होरक्या तुम्ही, शेपूट मी."

"नाही."

"ऐकून तर घ्या—"

"ऐकलं. नाही."

"का पण? मी पुढे असले की लोक माझ्यामागे फरफटत येतात. नोरीन परवा मला काय म्हणाली माहितेय? म्हणाली, मी सायकल विकून टाकते, मला दर वेळी आपण लंगडी शेळी असल्यासारखं वाटतं. तुम्ही पुढे असलात तर कुणाला पळावंच लागणार नाही."

"म्हणजे मी हळू आहे म्हणून."

"हो," ब्रिजेट सरळ म्हणाली. "तुम्ही हळू आहात म्हणून. आणि तुम्ही मागे असता तेव्हा सगळे गार पडेपर्यंत तुमच्यासाठी थांबतात, तेही खरंय. तोंडावर कुणी बोलत नाही, मी बोलतेय."

तोंडात मारल्यासारखं झालं लोरेटाला. पोर लहानपणापासून अशीच, ओठात एक पोटात एक तिला जमलंच नाही कधी. लोरेटाने उठून नूडल्स दोन बशांत वाढल्या, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं.

"मग मी येतच नाही," ती म्हणाली. "तुम्ही मजेत फिरा. मी घरी विणकाम करेन."

"तुम्हाला विणता येतं?"

"शिकेन."

ब्रिजेट बशीत काटा फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "मिस्टर साबोल असते तर मला चांगलंच झापलं असतं. शेपटाला सोडून निघाले म्हणून. मला फाट्यावर थांबायला जमतच नाही हो. पायांना मुंग्या येतात. त्यांना कसं जमायचं कुणास ठाऊक. तासन् तास नुसतं उभं राहायचे."

त्या रात्री लोरेटाचा डोळा लागेना. पुढे व्हायचं म्हणजे पहिल्या वळणालाच कळणार की वाट रिकामी आहे. दुसऱ्या वळणाला पुन्हा, आणि पुढच्या प्रत्येक वळणाला. मागे राहायची सोय तर आता उरली नव्हती; लोक गार पडतात हे एकदा कानावर आल्यावर ती त्या जागी उभीसुद्धा राहू शकली नसती. उरलं काय, तर घर. आणि गुरुवारच्या संध्याकाळी खिडकीतून दिसणार, माणसं हेल्मेटं घालून हसत रानात शिरतायत. ते तर तिला मरणाहून वाईट वाटलं.

गुरुवारी ती सायकल घेऊन रस्त्याच्या टोकाला गेली तेव्हा तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं की ती काय करणार आहे.

मंडळी जमली होती. हॉलिस टेट, निवृत्त दाताचे डॉक्टर, यांची सायकल सगळ्यांत महाग आणि पोट सगळ्यांत पुढे. नोरीन पेट्राकिस, पन्नाशीची, घटस्फोटानंतर स्वतःला भेट म्हणून सायकल घेतलेली, आणि आज आलीय ती बहुधा शेवटची असा चेहरा करून. एक नवं जोडपं, आणखी दोघं-तिघं. ब्रिजेट सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिली होती. तिने लोरेटाकडे बघितलंही नाही. पुढची जागा तेवढी मोकळी ठेवली होती.

"काय शेपूट, आज उलटीकडून?" हॉलिस म्हणाले.

"डॉक्टर, तुमच्या पाठीमागे राहून राहून मला पुढचं जगच दिसेनासं झालंय," लोरेटा म्हणाली. "जरा दिसू दे."

लोक हसले, आणि त्या हसण्याच्या भरात ती पॅडल मारून पुढे झाली सुद्धा.

रानात शिरल्यावर पहिल्यांदा जाणवलं ते हे, की आवाज नाही. इतकी वर्षं पुढे दहाजणांची खडखड असायची, धूळ असायची, कुणाची तरी पाठ असायची. आता समोर नुसती वाट. मे महिन्यातली कोवळी पानं, त्यातून तिरपं आलेलं ऊन. कोळ्यांची जाळी तोंडावर येत होती, आणि तिला एमिल आठवला. घरी आल्यावर तो नेहमी भुवयांवरून काहीतरी ओढून काढत असायचा आणि ती म्हणायची, काय रे हे तुझं. म्होरक्याच्या वाट्याला ही जाळी येतात, हे शेपटाला कसं कळावं.

पहिल्या वळणाला तिने डोळे मिटायचे तेवढे बाकी ठेवले होते. वळली. वाट रिकामी. दुसऱ्या वळणाला पुन्हा रिकामी. फळ्यांच्या पुलावर कुणी नाही, पलीकडच्या फाट्यावर कुणी नाही. तिला वाटलं, इथेच थांबावं, पाय दुखतोय म्हणावं आणि घरी जावं. पण थांबायचं म्हटलं तर मागे सगळी रांग. शेपटाला थांबता येतं, म्होरक्याला फाट्याशिवाय थांबता येत नाही. ती चालवत राहिली.

मग चढ आला.

आता चढाची गोष्ट सांगायला हवी, कारण ती लोरेटाने कधी कुणाला सांगितलेली नाही. हा चढ तिने आयुष्यात एकदाही पुरता चढलेला नव्हता. पहिल्या वळणापर्यंत सायकलवर, मग खाली उतरून ढकलत, कंबरेवर हात ठेवत, मनातल्या मनात एमिलच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. शेवटच्या वळणाआधी एक सपाट तुकडा आहे. तिथे ती थांबायची, बाहीने तोंड पुसायची, हेल्मेट नीट करायची, पुन्हा सायकलवर बसायची आणि ऐटीत फाट्यावर प्रकट व्हायची. एमिल विचारायचा, "चढलीस, लोरी?" ती म्हणायची, "चढले की." तो म्हणायचा, "शाबास." ज्याने स्वतःच्या हाताने ही वाट खोदली त्याला आपण अर्धी वाट ढकलत येतो असं सांगायची तिला लाज वाटायची. पहिल्या वर्षी वाटली, मग दुसऱ्या वर्षी सांगायची वेळ निघून गेली, आणि मग ते तसंच राहिलं.

पण आज ती पुढे होती आणि सगळे तिच्याकडे बघत होते. पहिल्या वळणाला गुडघ्यांनी हात टेकले. तिने क्षणभर दात आवळून पाहिलं आणि मग सरळ उतरली.

"मी ढकलत जाणार," ती मागे न बघता म्हणाली. "ज्याला चालवायचंय त्याने चालवा, पण मला ओलांडायचं नाही."

मागे एकदम सात-आठ बूट जमिनीवर आल्याचा आवाज झाला. हॉलिस टेट इतक्या मनापासून "हुश्श" म्हणाले की नवं जोडपं खुदकन हसलं. म्हणजे हेही इतके दिवस जिवावर उदार होऊनच चढत होते तर. सगळी मिरवणूक पायी पायी, गप्पा मारत वर निघाली. नोरीन मात्र बरीच मागे पडली होती, तिच्यामागे ब्रिजेट.

वरच्या फाट्यावर पोचल्यावर लोरेटाने सायकल बीचच्या झाडाला टेकवली. मग लक्षात आलं की येणाऱ्यांना जागा सोडायला हवी. म्होरक्याने वाटेत उभं राहायचं नसतं. एमिल कुठे उभा राहायचा? झाडापलीकडच्या त्या मोठ्या सपाट दगडावर. ती वीस वर्षं या फाट्यावर येत होती आणि त्या दगडावर तिने कधी पाय ठेवला नव्हता. ती यायची तेव्हा तिच्यात फक्त उभं राहण्यापुरता जीव असायचा, आणि एमिल नेमका त्या वेळी सायकल उलटी करून चेनशी झटापट करत असायचा. हेही दर गुरुवारचं. बसची इंजिनं उघडून जोडणारा माणूस, आणि याच्या सायकलची चेन दर वेळी याच फाट्यावर पडायची. "बदल ना रे ती एकदाची," ती म्हणायची. तो म्हणायचा, "पुढच्या आठवड्यात." तोपर्यंत तिचा श्वास जागेवर यायचा, पाणी पिऊन व्हायचं, आणि मग चेन बसायची आणि सगळे निघायचे.

ती दगडावर चढली आणि मागे वळली, येणाऱ्यांवर लक्ष ठेवायला.

आणि तिला सगळा चढ दिसला.

विजेच्या तारांखालची झाडं दर वर्षी कापतात, तिथे रानाला भांग पाडल्यासारखी मोकळी पट्टी आहे, आणि चढाची वाट त्या पट्टीतून आडवी-तिडवी जाते. खालून बघितलं तर झुडपांपलीकडे काही दिसत नाही. या दगडावरून पायथ्याच्या पुलापासून शेवटच्या वळणापर्यंत वाटेचा तुकडा न् तुकडा उघडा. खाली नोरीन दिसत होती, सायकल ढकलत, मध्येच थांबून कंबरेवर हात ठेवत. तिच्या जाकिटाच्या खिशाची चेन उघडी आहे हेसुद्धा दिसत होतं. तो सपाट तुकडा आला. नोरीन थांबली. बाहीने तोंड पुसलं. हेल्मेट नीट केलं. सायकलवर बसली.

लोरेटाने दगडावरच बसकण मारली.

त्याला दिसत होतं. पहिल्या गुरुवारपासून दिसत होतं. कंबरेवरचा हात दिसत होता, शिव्या देताना हलणारे ओठ दिसत होते, तोंड पुसणं दिसत होतं. आणि तरी दर वेळी, "चढलीस, लोरी?" दर वेळी, "शाबास." आणि मग ती सायकल उलटी करणं. गेल्या हिवाळ्यात गॅरेजमध्ये टांगलेल्या त्याच्या सायकलचं पॅडल तिने सहज हाताने फिरवलं होतं, तर चेन लोण्यासारखी फिरली होती, आणि तिला वाटलं होतं, चला, शेवटी बदलली वाटतं. लबाड माणूस. चेन कधी पडलीच नव्हती. तिला दम खाता यावा म्हणून, आणि दम खातेय हे चारचौघांत दिसू नये म्हणून, तो शहाणा माणूस दर गुरुवारी हात काळे करून घेत होता.

तिला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदमच बाहेर पडलं. हॉलिस टेट धावले. "लोरेटा, काय झालं? छातीत दुखतंय का?"

"मला काही झालेलं नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही दातांचे डॉक्टर, छातीत लक्ष घालू नका."

तेवढ्यात नोरीन शेवटच्या वळणावरून सायकलवर ताठ बसून आली. मागून ब्रिजेटची आरोळी आली, "शेपूट आलं." ती ऐकताच सगळ्यांनी सवयीने हँडलं सरळ केली. नोरीनचा चेहरा लालबुंद, आणि दर वेळेसारखाच त्यावर तो भाव, की आपण पोचतो तेव्हाच बाकीच्यांची विश्रांती संपलेली असते.

"सगळा चढले," नोरीन म्हणाली.

लोरेटा तिच्याकडे बघत राहिली. शाबास म्हणायला तिची जीभ उचलली होती. पण एमिलसारखी सोंगं तिला कधी जमली नव्हती.

"नाही चढलीस," ती म्हणाली. "मी इथून बघत होते. दुसऱ्या वळणापासून ढकलत आलीस."

नोरीन कानापर्यंत लाल झाली. ब्रिजेट मागून काही बोलायला गेली, तर लोरेटाने तिला हातानेच गप्प केलं.

"मीही कधी चढले नाही," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत एकदाही नाही. त्या सपाटीवर सायकलवर बसायचे आणि एमिलला सांगायचे, चढले. तो म्हणायचा शाबास. या दगडावरून सगळं दिसत असूनही म्हणायचा. आज कळलं मला." तिने बाहीने तोंड पुसलं. "आता बसा सगळे. सायकली आडव्या टाका. नोरीनचा श्वास जागेवर येईपर्यंत कुणी हलणार नाहीये."

"अंधार पडेल हो," हॉलिस म्हणाले.

"पडू दे. तुम्ही अंधारातही दिसाल."

सगळे बसले. कुणीतरी बिस्किटांचा पुडा काढला. नव्या जोडप्यातला नवरा हळूच म्हणाला की तो आजवर बुटाची नाडी सुटली म्हणून थांबायचा, खरं तर त्याच्या बुटांना नाडी नाहीच, आणि यावर त्याची बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. नोरीन पाठीवर आडवी झाली होती, हेल्मेट छातीवर ठेवून, डोळे मिटून. ब्रिजेट येऊन लोरेटाच्या शेजारी दगडावर बसली.

"मिसेस साबोल, मला माहीत नव्हतं इथून एवढं दिसतं."

"तू कधी मागे वळून बघशील तर दिसेल ना."

ब्रिजेट खाली बघत राहिली. मोकळ्या पट्टीवरचं ऊन कलत होतं. वाट रिकामी होती, आता तिथून कुणी यायचं राहिलं नव्हतं. लोरेटाने मनात म्हटलं, मी तुझी पाठ बघत होते रे इतकी वर्षं. मला वाटायचं तू कायम माझ्या पुढे पुढे निघालेला असतोस. तुझं तोंड तर माझ्याकडे होतं. जिथून मी येत होते तिकडे बघत तू इथे बसून होतास.

नोरीन उठून बसली. "झालं माझं," ती म्हणाली. "निघू या?"

"घाई नाही," लोरेटा म्हणाली.

"नाही, खरंच झालं. उतार आहे ना पुढे? उतार मला आवडतो."

मंडळी उठली, सायकली उभ्या राहिल्या. लोरेटा दगडावरून उतरताना ब्रिजेटने हात पुढे केला आणि तिने तो धरला. ब्रिजेटने विचारलं, "पुढच्या गुरुवारी कसं करायचं?"

"पुढच्या गुरुवारी मी म्होरक्या, तू शेपूट. आणि त्याच्या पुढच्याही," लोरेटा म्हणाली. "फक्त ह्या फाट्यावर आरोळी आली की लगेच निघायचं नाही. मागचा दम खाऊन उठला की मग आपण उठायचं."

ती सायकलवर बसली. समोर बीचच्या झाडाखालून वाट खाली गेली होती, आणि तिच्यावर कुणी नव्हतं. लोरेटाने ती नीट बघून घेतली, मग मान वळवून मागे उभ्या असलेल्या एकेकाकडे बघितलं, नोरीनचं हेल्मेट बसलंय ना तेही बघितलं.

"चला," ती म्हणाली आणि ब्रेकवर दोन बोटं ठेवून उताराला लागली.